मी व्हायोलिन जप्त केलं त्याची गोष्ट

हसणार असाल तर आधी चहा संपवून घ्या. हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंनी एकदा अख्खा कप स्वतःच्या धोतरावर ओतून घेतला आणि बोलणी मात्र मला बसली. तशी या किश्शात शेवटपर्यंत मलाच बोलणी बसतात, त्यामुळे मला आता सवय आहे.

एका वाक्यात सांगू? मी नागपूरच्या एका नामांकित वादकाच्या हातातून, भर कार्यक्रमात, तीनशे माणसांदेखत त्याचं व्हायोलिन काढून घेतलं. चोरी नव्हे बरं का! वाकून नमस्कार केला, दोन्ही हातांनी घेतलं, आणि दुसऱ्याला देऊन टाकलं.

आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जिल्हा तेव्हा भंडारा. मी गोंदियाजवळ फुलचूरला एका बिडी कारखान्यात चेकर होतो. बाया घरून बिड्या वळून आणायच्या, मी पंचवीस बिड्यांचा एकेक कट्टा हातात घ्यायचो, वरच्या दोन-चार बिड्या चिमटीत दाबून पाहायचो आणि म्हणायचो, "छाट." की गेला कट्टा बाजूला! सगळा कट्टा कोण पाहत बसतो? माझी नजरच तशी होती. निदान मला तसं वाटायचं. बायांना काय वाटायचं ते त्या माझी पाठ वळली की बोलायच्या.

आता तुम्हाला नागऱ्याची दंगल माहीत हवी. महाशिवरात्रीच्या जत्रेत तिथे शाहिरांची दंगल होते. एक पार्टी कलगीची, एक तुऱ्याची. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. ज्याला जवाब सुचला नाही तो हरला. आणि हरला की आमच्याकडचा रिवाज असा, की पंचाने उठायचं, हरलेल्याच्या हातातून डफ घ्यायचा आणि जिंकलेल्याच्या मांडीवर ठेवायचा. त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

माझा बाप तुऱ्याचा शाहीर होता. मी पाळण्यात होतो तेव्हा नागऱ्याला त्याचा डफ गेला. शेवटचं कडवं बाकी होतं, बाप श्वास घ्यायला थांबला, पंचाला वाटलं अडकला. पंच उठला, डफ उचलला, संपलं. त्यानंतर बाप कधी गायला नाही. धानाच्या बांधीत एकटा असला तरी नाही. "श्वास घ्याले थांबलो होतो, माहं एक कडवं बाकी होतं," एवढं मात्र तो मरेपर्यंत म्हणत राहिला.

तो घाईचा पंच म्हणजे आबाजी बिसेन. तेच आबाजी अजूनही पंचाच्या गादीवर बसत होते. पंचाहत्तरी उलटलेली, कान पार गेलेले, पण गादी काही सुटत नव्हती. ती गादी मला हवी होती. का हवी होती ते सरळ सांगतो: माझ्या बापाचं झालं तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून. आणि थोडी आबाजींना उठवून तिथे बसायची खाजही होती, ती कशाला लपवू?

गादी कुणाला द्यायची ते रहांगडाले पटेल ठरवायचे. फुलचूरला त्यांचा मोठा वाडा, नागऱ्यापर्यंत पसरलेली धानाची शेती, शब्द खाली पडायचा नाही. त्यांचा मुलगा नागपूरला कॉलेजात होता आणि तिथल्या एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांना जायचा. त्या लोकांचे दर हिवाळ्यात ठरलेले कार्यक्रम असायचे. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की आपली चार माणसं बाहेरगावीही पाठवायची. गोंदियाचा दिवस ठरला, पण जो हॉल ठरला होता त्याची कौलं उतरवलेली. मुलाने बापाला पत्र लिहिलं की कार्यक्रम आपल्या अंगणात करू.

पटेलांनी मला बोलावलं आणि पत्र पुढे केलं. पोराने लिहिलं होतं: चार वादक येतील. एक वाद्य प्रश्न टाकतं, बाकीची उत्तर देतात, मोठा रंगतदार संवाद होतो. मी परीक्षेमुळे येऊ शकत नाही. कुणी जाणकार माणूस बघा, जो त्यांची ओळख करून देईल आणि शेवटी दोन शब्द बोलेल.

तुम्हीच सांगा, फुलचूरच्या माणसाने याचा दुसरा काय अर्थ काढायचा?

"आपल्याकडे दोन पार्ट्या येतात, हे चार येऊन राहिले," पटेल म्हणाले. "निकाल कोण देईन?"

"मी देतो जी."

"बरोबर देला तर शिवरात्रीले गादी तुही. चुकला तर मंग गादीचं नाव काढू नको."

मला व्हायोलिन ठाऊक नव्हतं का? लांबून होतं. वरातीच्या बँडमध्ये एकदा पाहिलं होतं. पण चौघं बसून काय करतात हे कुणाला विचारायला हवं होतं, आणि पंच व्हायला निघालेला माणूस विचारतो होय? मी मान हलवली आणि घरी जाऊन फेट्याला खळ घातली.

ठरल्या दिवशी दुपारच्या गाडीने मंडळी उतरली. तीन पुरुष आणि एक बाई. पुढारी होते फर्नांडिससाहेब, उंच, पांढऱ्या मिशा, कोटाला एक सुरकुती नाही. त्यांची व्हायोलिनची पेटी त्यांच्या मांडीवर. सगळ्यांत मागे मेहेरजी नावाचे जाडे पारशीबाबा आणि त्यांची माणसाएवढी पेटी. स्टेशनावर पटेलांची दमणी, म्हणजे बैलांची छोटी गाडी, उभी होती, तिच्यात तिघं आणि ती मोठी पेटी बसली. मेहेरजी पायी आले. मी त्यांच्या सोबतीला चालत होतो आणि मनात म्हणत होतो, ही पार्टी कमजोर दिसते.

अंगण माणसांनी भरलेलं. नागऱ्याहून गाड्या आल्या होत्या, बिरसीहून आल्या होत्या. दंगल म्हणजे सकाळपर्यंत चालणार, म्हणून लोकांनी घोंगड्या आणल्या होत्या, फडक्यात भाकरी बांधून आणल्या होत्या. माझ्या कारखान्यातल्या बाया झाडून आल्या होत्या. आता कार्यक्रम तासाभराचा, चार वाजता सुरू होऊन दिवेलागणीच्या आत संपणारा, कारण मंडळींना सातची गाडी होती. पण हे ठाऊक कुणाला? लोकांनी बाजूही वाटून घेतल्या होत्या. फुलचूरवाले फर्नांडिससाहेबांचे, बिरसीवाले त्या बाईचे. नागऱ्याचे लोक उशिरा आले म्हणून त्यांच्या वाट्याला मेहेरजी आले.

मेहेरजींनी पेटी उघडली. आतून निघालेल्या वाद्याला खाली लोखंडी टोक. ते टोक सतरंजीत रुतलेलं पाहून पटेलांचा जीव खालीवर झाला, पण पाहुण्यांना बोलायचं कसं?

मला त्यांनी एक छापील कागद दिला होता. इंग्रजी. त्यात एकाखाली एक चार ओळी होत्या. चार पार्ट्या, चार ओळी. मी उभा राहिलो, खळीचा फेटा सावरला आणि त्या चार ओळी चौघांची नावं म्हणून मोठ्याने वाचल्या. पहिलं नाव घेऊन मी फर्नांडिससाहेबांकडे हात केला. ते क्षणभर गोंधळले, मग उठून वाकले. शिष्टाचार बघा माणसाचा!

चौघांनी आपापल्या पुढ्यातल्या लोखंडी घोडीवर कागद लावले आणि सुरू झालं.

पहिला सवाल फर्नांडिससाहेबांनी टाकला. बारीक, चपळ, अंगावर धावून येणारा. दुसऱ्या व्हायोलिनने लगेच री ओढली. बाई जरा थोराड वाद्य घेऊन बसल्या होत्या, त्या मध्येच टोकत होत्या. आणि मेहेरजी? ते आपले खाली मान घालून ढुम... ढुम... एवढंच. तिघं मिळून एकाला घेरून राहिले होते आणि तो बिचारा हुंकार देत होता. माझ्या मागून नागऱ्याचा एकजण म्हणाला, "बोल ना बाप्पा, बोल काहीतरी." मी त्याला हाताने गप्प केलं. पंचासमोर बोलायचं नसतं.

मी चिमटीत धरून तपासत होतो. फर्नांडिससाहेब फार बोलतात, पण तेच तेच पुन्हा विचारतात. मनात म्हटलं, छाट. दुसरा स्वतःचं काही बोलत नाही. छाट. बाईंचं बरं आहे, पण अर्ध्यात सोडतात. आणि मग शेवटी शेवटी काय झालं, तर मेहेरजींनी एकदम मान वर केली आणि असा खोल, लांब सूर लावला की माझ्या बुडाखालची फळी थरथरली. तिघंही त्याच्यावर चढले, मग एक एक करून थांबले. शेवटी मेहेरजींचा एकट्याचा सूर उरला. तोही संपला. चौघं स्तब्ध. फर्नांडिससाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

घाम पुसतोय, म्हणजे जवाब नाही! मी उठलो.

मंचावर गेलो, फर्नांडिससाहेबांपुढे वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांना वाटलं, गावच्या रसिकाला वाद्य जवळून पाहायचं आहे. हसून त्यांनी व्हायोलिन माझ्या हातात दिलं, वर गजही दिला. मी ते घेतलं, तीन पावलं चाललो आणि मेहेरजींच्या मांडीवर ठेवलं. मग माझ्या डोक्यावरचा फेटा काढून त्यांच्या डोक्यावर बांधला आणि गर्जना केली, "निकाल! नागऱ्याची पार्टी जिंकली!"

काय सांगू तुम्हाला तो कल्लोळ! नागऱ्याचे लोक उभे राहून नाचायला लागले. फुलचूरवाले "अन्याव, अन्याव" म्हणून ओरडायला लागले. बिरसीच्या कुणीतरी विचारलं की मग आमच्या बाईचं काय.

फर्नांडिससाहेब रिकामे हात तसेच हवेत धरून बसले होते. "ये क्या हो रहा है, भाई?"

पटेलांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहब, आप हार गए। बुरा मत मानो। हमारे यहाँ अच्छे-अच्छे हारते हैं।"

इथवर असतं तर माफी मागून मिटलं असतं. फर्नांडिससाहेबांना सगळा प्रकार समजावला, त्यांनी तो ऐकला, मिशीतल्या मिशीत हसलेही. मग मेहेरजींकडे वळून म्हणाले, "चलो, वापस दो।"

मेहेरजींनी व्हायोलिन छातीशी धरलं. डोक्यावर माझा फेटा, तोही कानावर घसरलेला.

"नहीं दूँगा। बाईस साल से तुम्हारे नीचे ढुम-ढुम कर रहा हूँ, फर्नांडिस। किसी ने आज तक मेरा नाम लिया? इस आदमी ने सुना। पंच ने दिया है, तो मेरा है।"

झालं! माझ्या एका निकालाने बावीस वर्षांचं दुखणं वर आलं होतं. दुसरा व्हायोलिनवाला पायाच्या बोटांकडे बघत होता, बाई पदरात तोंड लपवून हसत होत्या की रडत होत्या कोण जाणे. आणि नागऱ्याचे लोक मेहेरजींना घोंगडीवर बसवून मिरवायच्या तयारीत. मला तर आपण फार मोठा न्याय केला असं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात फर्नांडिससाहेब माझ्याजवळ आले. स्वच्छ मराठीत, अगदी हळू बोलले. "पंचसाहेब, एक विचारू? आमच्या या रचनेचे चार भाग आहेत. तुमच्या हातातल्या कागदावर तेच लिहिलंय. आम्ही पहिला वाजवून श्वास घ्यायला थांबलो होतो. बाकी तीन भागांचा निकाल काय?"

मी कागदाकडे पाहिलं. चार ओळी. माणसांच्या नव्हत्या.

श्वास घ्यायला थांबलो होतो. हे शब्द मी लहानपणापासून घरात ऐकत आलो होतो, आणि आता तेच शब्द माझ्या तोंडावर येऊन आदळले. बापाचा डफ ज्याने नेला त्याला मी जन्मभर शिव्या घातल्या, आणि संधी मिळताच तेच केलं. तेही एक कडवं बाकी असताना नव्हे, तर तीन!

आणि मग बोलले कोण, तर पुढच्या रांगेत काठीवर हनुवटी टेकवून बसलेले आबाजी.

"कागद बाकी हायेत जी," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "मले आयकू येत नाही, पर दिसते ना. त्या घोडीवर कागद ठेवले हायेत, त्यातला एकच उलटला. अन् त्या बाईनं गज खाली ठेवला नाही. तू कायले उठला?"

मी खाली बसलो.

आता प्रश्न व्हायोलिनचा. पटेलांनी रिवाजातूनच वाट काढली. हरलेल्याला गायचंच असेल तर जिंकलेल्याकडून वाद्य उसनं मागता येतं, पण मागताना चारचौघांत म्हणावं लागतं की तू जिंकलास. हे फर्नांडिससाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. इकडे सातची गाडी. तिकडे मेहेरजी हटायला तयार नाहीत.

शेवटी फर्नांडिससाहेबांनी घड्याळ पाहिलं. मग ते पुटपुटले, "मेहेरजी, तू चांगला वाजवतोस."

"आयकू नाही आलं," नागऱ्याकडून आवाज.

फर्नांडिससाहेबांनी नागऱ्याच्या लोकांकडे पाहिलं, मेहेरजींच्या घसरलेल्या फेट्याकडे पाहिलं आणि स्वतःच हसायला लागले. मग खणखणीत म्हणाले, "मेहेरजी, बाईस साल से तू नहीं होता तो मैं कब का गिर जाता। आज तू जीता। अब मेरा व्हायोलिन उधार दे।"

मेहेरजींनी डोळे पुसले. माझ्या फेट्याच्या शेवाने व्हायोलिनही पुसलं आणि परत दिलं.

बाकीचे तीन भाग वाजले. दुसरा फार संथ होता, त्यात बाया रडल्या म्हणतात. मला विचाराल तर काहीच आठवत नाही. कारण प्रत्येक भाग संपला की तीनशे माणसं मंचाकडे न बघता माझ्याकडे बघायची, हा आता उठतो की काय म्हणून. आणि उठायची सोयच नव्हती. आबाजी काठी टेकत माझ्या शेजारी येऊन बसले होते आणि त्यांनी मागून माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं.

चौथा भाग संपला. टाळी नाही. कुणाचीच छाती होईना. आबाजींनी चारही घोड्यांवरचे कागद निरखून पाहिले, बाईंनी गज खाली ठेवलेला पाहिला, आणि माझा सदरा सोडला. मग जी टाळी पडली ती थांबेना.

लोकांना निकाल हवाच होता. पटेलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ आबाजींच्या कानाला तोंड लावून विचारलं.

"हे दंगल नोहोय जी," आबाजी म्हणाले. "चौघाईचे हात एकाच टायमाले थांबले. भांडणारे असे थांबत नाहीत. हे चौघं एकच गाणं गाऊन राहिले होते."

ज्याला एक सूर ऐकू आला नव्हता त्याने सांगितलं हे! आणि मी, दोन्ही कान शाबूत, चौघांना छाटत बसलो होतो.

मंडळी सातच्या गाडीने गेली. मेहेरजी या वेळी दमणीत बसले, फर्नांडिससाहेबांच्या शेजारी, फेट्यासकट. तो फेटा काही परत आला नाही. आबाजींना घरी पोचवायला मी गेलो. वाटेत त्यांनी आपणहून विषय काढला.

"तुह्या बापाच्या वेळेस म्या घाई केली होती," ते म्हणाले. "तो श्वास घेऊन राहिला होता, मले घरी येऊन समजलं. तवापासून मी पहिले उठत नाही. समदे उठले का मंग उठतो."

मला त्यांचा राग धरायचा होता. नाही धरता आला. कुठल्या तोंडाने धरणार? मी त्यांच्या कानाला लागून एवढंच विचारलं, की मग बापाला कधी सांगितलं का नाही. ते म्हणाले, "लाज वाटे." मलाही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. अनसाबाईने कट्टा पुढे केला. मी वरच्या दोन बिड्या दाबल्या आणि तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "चेकरबाबू, बाकी तेवीस वाजवू द्या, मंग निकाल द्या." त्या दिवसापासून मला प्रत्येक कट्टा शेवटच्या बिडीपर्यंत बघावा लागला. काम दुपटीने वाढलं आणि छाट निम्म्यावर आली.

पुढच्या हिवाळ्यात पटेलांच्या मुलाने त्या वाद्यवृंदाची नवी कार्यक्रमपत्रिका आणली. बाहेरगावच्या यादीत आमचं नाव नव्हतं. पण मागच्या पानावर रसिकांसाठी सूचना होत्या, त्यात एक नवीन होती: सर्व भाग पूर्ण होईपर्यंत कोणीही वादकांची वाद्ये ताब्यात घेऊ नयेत. बाकीच्या गावांतले लोक ती वाचून काय समजले असतील देव जाणे!

आणि गादी? पटेलांनी शिवरात्रीला मला बोलावलं तेव्हा माझ्या मनात एक वेडी आशा होतीच. त्यांनी मला खरोखर पंचाच्या गादीवर बसवलं, आबाजींच्या शेजारी. मी म्हटलं, समजलो जी, आबाजींना ऐकू येत नाही, गाणं संपलं की मी त्यांना खूण करायची.

"तू काही करू नको," पटेल म्हणाले. "तो तुले खूण करीन."

आबाजी होते तोवर, दर शिवरात्रीला मी त्या गादीवर बसलो. पंच म्हणून माझी ओळख करून दिली जायची, हार घातला जायचा. आणि गाणं सुरू झालं की तो ठार बहिरा माणूस मागून माझ्या सदऱ्याचं टोक धरायचा आणि गाणं संपलं की सोडायचा.